तळहातावरचं वजन

पोरीने यादी बापापुढे ठेवली तेव्हा तो जेवत होता, आणि यादी वाचून होईपर्यंत घास हातातच राहिला. नऊ ओळी होत्या. प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, रॅम, एसएसडी, कूलर, कॅबिनेट, मॉनिटर आणि शेवटी पॉवर सप्लाय. पहिल्या आठांतलं त्याला काही कळत नव्हतं, म्हणून त्यांची भीतीही वाटत नव्हती. नववी ओळ मात्र त्याच्या धंद्यातली होती. भिंतीतली वीज घेऊन सगळ्या कॉम्प्युटरला वाटणारा डबा, आणि तो ठेवायचा कुठे, तर टेबलाखाली, पोरीच्या गुडघ्याला लागून.

एवढी वीज कशाला लागते, असं त्याने विचारलं. पोरगी म्हणाली, गेम खेळायला लागते बाबा, टायपिंगला नाही घेत आहे. कुरियरच्या ऑफिसात काउंटरवर वर्षभर लोकांच्या शिव्या खाऊन तिने यासाठी पगारातून बाजूला काढलं होतं. मैत्रिणींची पाच जणींची टीम होती, स्पर्धा होत्या, आणि ऑफिसातल्या म्हाताऱ्या मशीनवर सराव करून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. पैसे तिचे, मशीन तिचं. बापाला फक्त मान म्हणून विचारलं होतं.

हा बाप कापड रंगवायच्या कारखान्यात पंचवीस वर्षं वायरमन. कारखान्यात त्याला तराजू म्हणतात. खरं नाव मस्टरवर असेल, ते पगाराच्या दिवशी उपयोगी पडतं. ब्रेकर असो, चोक असो, मोटरचा पार्ट असो, नवा माल आला की स्टोअरवाला तो याच्याकडे पाठवतो. हा वस्तू उजव्या तळहातावर ठेवतो, डोळे अर्धे मिटतो, दोनदा हलकेच उडवून झेलतो आणि सांगतो : घ्या, किंवा परत पाठवा. मागचं गणित सोपं. तांबं जड असतं, लोखंडाचा गाभा जड असतो, आणि चोर कंपनी सगळ्यात आधी तेच खाते. हलका माल म्हणजे खाल्लेला माल. साहेब लोक मीटर लावून अर्ध्या तासाने जे सांगायचे ते हा उभ्या उभ्या सांगायचा. त्याचा त्याला ताठा होता. असावाच. ज्याच्याकडे डिग्री नाही त्याने ताठा तरी का सोडावा?

पण एकदा हा तळहात चुकला होता.

बारा वर्षांपूर्वी खालच्या पॅनेलसाठी एक मोठा ब्रेकर आला. खोका नाही, कागद नाही. मॅनेजरने कुठून तरी स्वस्तात उचललेला, स्टोअरला बगल देऊन. तराजूने तो तोलला आणि म्हणाला, वजन आहे, बसवा. आठव्या दिवशी शॉर्ट झाला. ब्रेकरने पडून वीज तोडायला हवी होती, तो पडला नाही, आणि पॅनेलमधून जो जाळ बाहेर आला तो समोर उभ्या जोडीदाराच्या उजव्या हातावर आला. या जोडीदाराला सगळे लंबू म्हणायचे. त्याची दोन बोटं एकमेकांना चिकटली ती आजही तशीच आहेत. मग चौकशी झाली. चौकशी कसली, ज्यांनी तो माल आणला त्यांनीच खुर्च्या मांडल्या आणि लिहून टाकलं की कामगाराने हातमोजे घातले नव्हते. हातमोजे होते, तीन वर्षांचे, बोटाबोटाला भोक पडलेले, खिळ्याला लटकत होते. ते कुणी लिहिलं नाही. युनियनचा माणूस तराजूला बाजूला घेऊन म्हणाला, ब्रेकर तपासून कुणी दिला एवढं सांग, बाकीचं मी बघतो. तराजू म्हणाला, मला आठवत नाही. तेवढ्या तीन शब्दांत लंबूची भरपाई गेली आणि मागोमाग नोकरीही गेली.

तेव्हापासून याच्या घरात भीती राहायला आली, ती भाडं न देता. घराबाहेर पडताना हा प्रत्येक प्लग उपसायचा, दाराला कुलूप लावून पुन्हा उघडायचा, नाकाने वास घ्यायचा, परत लावायचा. बायको शेजारणीला सांगायची, आमच्याकडे पाहुणे आले की हे आधी त्यांच्या चार्जरची विचारपूस करतात, मग त्यांची. सगळे हसायचे. हाही हसायचा. भीती खरं तर दोन होत्या. एक आगीची. दुसरी, हे घरात कधी ना कधी कळेल याची. पहिलीविषयी तो सारखा बोलत राहायचा, म्हणजे दुसरीविषयी तोंड उघडायची वेळ येऊ नये. लंबूला काही माहीत नव्हतं. मॅनेजर बदलला, युनियनचा माणूस गेला. ठाऊक असणारा एकच उरला होता आणि तो रोज सकाळी आरशात दाढी करायचा.

लंबूने पुढे झेरॉक्सची टपरी टाकली. सुट्टीच्या दिवशी तो याच्याकडे येऊन बसायचा, चहा डाव्या हाताने प्यायचा, आणि पोरीची चेष्टा करायचा. यादी त्यालाही दाखवून झाली. पोरीने त्याला बशा मांडून समजावलं : दहा भाग पैसे धरा काका, त्यातले चार एकट्या ग्राफिक्स कार्डाला, कारण पडद्यावर दिसतं ते सगळं तेच काढतं, दोन प्रोसेसरला, उरलेल्या चारांत बाकीच्यांनी गुण्यागोविंदाने राहायचं. लंबू म्हणाला, मोठ्या सुनेलाच सगळं, बाकीच्यांनी काय बशा धुवायच्या? मग नवव्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "हा सप्लाय तेवढा बाबाच्या हातावर ठेव. याच्या तळहातापेक्षा खरं मीटर नाही पोरी. मी याच्याबरोबर काम केलंय."

तराजूने कपात पाहिलं. चहा संपला होता तरी तो कपातच पाहत राहिला.

दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं, बोळासारखं लांबट, दोन्ही भिंती खोक्यांनी छतापर्यंत भरलेल्या. दुकानदार बडबड्या. त्याने पोरीला महागड्या प्रोसेसरकडे ओढायचा प्रयत्न केला. हा घ्या ताई, दहा वर्षं बघायला नको. पोरगी म्हणाली, कार्ड लहान आणि प्रोसेसर दांडगा घेतला तर तो नुसता बसून कार्डाची वाट बघणार, आमच्या ऑफिसात तसा एक आहे, त्याला मॅनेजर म्हणतात. दुकानदार हसला आणि मग मात्र तिच्याशी सरळ बोलू लागला. सहा कोअरचा मधला प्रोसेसर. रॅमची एक मोठी पट्टी नको, आठ-आठ जीबीच्या दोन, म्हणजे दोन्ही वाटांनी माल येतो-जातो. कार्डावर ती बराच वेळ अडली. नवं घेतलं तर लहान येत होतं; त्याच पैशात वर्षभर वापरलेलं मोठं मिळत होतं. तिने वापरलेलं घेतलं, पंखा फिरवून, कडा बघून, पावती लिहून घेऊन. बाप मागे उभा राहून बघत होता. पोरगी कुणाला घाबरत नव्हती. याला आनंद व्हायला हवा होता. त्याला घाम फुटला.

सप्लाय निघाले तसा तो पुढे झाला. पोरीने ठरवलेला डबा साडेसहाशे वॉटचा होता, साधा काळा, बाहेर कुठेकुठे त्याची चाचणी झालेली, आकडे तिने वाचलेले. त्याने तो तळहातावर घेतला, डोळे मिटले, उडवला, झेलला. हलका. पोकळ. शेजारी दुसरा होता, लाल अक्षरांत साडेसातशे लिहिलेला. तो उचलला आणि हात खाली गेला. याच्या खांद्यातून इतका वेळ धरलेला ताण सुटला. हा, म्हणाला, हा घ्यायचा.

पोरगी म्हणाली, बाबा, याची कुणीच चाचणी केलेली नाही, नेटवर याचं नावसुद्धा धड नाही. आणि आजकालचे सप्लाय हलकेच असतात, आत जुन्यासारखा ट्रान्सफॉर्मरचा गोळा नसतो. दुकानदाराने आधी पोरीकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि कुणाच्या खिशापेक्षा कुणाचा शब्द चालतो ते ओळखून म्हणाला, काकांचा हात जाणकार दिसतो. तेवढं पुरे झालं.

"हा बसवणार असशील तर माझ्या घरात तुला वीज मिळेल," तराजू म्हणाला. "नाहीतर ही यादी घे आणि दुसरं घर बघ."

दुकानात चार माणसं होती. पोरीचे कान लाल झाले. तिने काळा डबा मागे सरकवला.

जोडायला एक अख्खा रविवार गेला. जेवणाच्या टेबलावर चादर, चादरीवर पार्ट, आणि बायकोने जाहीर केलं की आज सगळ्यांनी ताट मांडीवर घ्यायचं. पोरगी व्हिडिओ बघत, ओठ चावत, एकेक स्क्रू लावत होती. बाप स्टुलावर बसून प्रत्येक वायर ओढून बघत होता. बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा उजळला. पोरीने आईला मिठी मारली. तराजूचं बोट भिंतीवरच्या स्विचवर होतं आणि ते त्याने पाच मिनिटं काढलं नाही.

तीन दिवस सगळं ठीक चाललं. चौथ्या दिवशी संध्याकाळी ऐन खेळात मशीन मेलं आणि आपोआप पुन्हा सुरू झालं. पोरगी म्हणाली, होतं असं कधी कधी. पाचव्या दिवशी दोनदा झालं. साध्या कामात काही नाही; खेळ रंगात आला, कार्डाने जोर धरला, की काळोख. तराजू मागे बसून ऐकत होता. मरायच्या आधी टेबलाखालून एक बारीक किर्र आवाज यायचा, डासापेक्षा बारीक. पोरगी हेडफोनमध्ये, तिला तो ऐकू येणं शक्य नव्हतं. ती पाणी प्यायला उठली तसा हा वाकला आणि सप्लायमधून निघणाऱ्या वायरीला बोट लावलं. वायर कोमट नव्हती. गरम होती. वासही होता; फार नाही, सुरुवातीचा.

हा वास त्याने बारा वर्षांपूर्वी आठ दिवस घेतला होता आणि ब्रेकर आत्ताच बसवलाय म्हणून सोडून दिला होता.

तेव्हाच बोलायला हवं होतं. दोन शब्दांचं काम. पण ते दोन शब्द निघाले की मागून बाकीचे निघणार, हे त्याला ठाऊक होतं. पोरगी विचारणार, तुमचा हात कसा चुकला? आधी कधी चुकला होता का? ती काउंटरवर बसणारी पोरगी होती, हरवलेल्या पार्सलचा माग काढणं हेच तिचं काम. पोरगी परत येईपर्यंत तो स्टुलावर सरळ होऊन बसला होता. तिने हेडफोन बाजूला सारून विचारलं, बाबा, काय असेल हो? आणि याच्या तोंडून निघालं :

"वापरलेलं कार्ड घेतलंस ना. आणि नीट बसवलं नसशील. घाई फार तुला."

हे वाक्य त्याने कुठून आणलं ते त्याला पक्कं माहीत होतं. ज्यांनी हातमोज्यांचं लिहिलं, त्यांच्याच टेबलावरून.

पोरीने विश्वास ठेवला. हेच वाईट झालं. तिने अर्धा दिवस रजा टाकली, कार्ड काढून दुकानात नेलं. दुकानदाराने दोन तास चालवून दाखवलं. कार्डाला काही झालेलं नव्हतं. मग तिने रॅमच्या पट्ट्या आलटून पालटून लावल्या. मग प्रोसेसरवरचा कूलर उतरवून पुन्हा बसवला. दुकानात मॅनेजरवर विनोद करणारी पोरगी ताटावर मान घालून जेवू लागली. आईला म्हणाली, मला बहुतेक जमत नाही हे, उगाच उड्या मारल्या. बाप पलीकडे बसून ऐकत होता. रोज ती ऑफिसला गेली की तो प्लग उपसायचा, आणि ती आली की ती लावायची, आणि याचा जीव टांगणीला. जेवण जाईना. रस्त्यात आगीच्या बंबाची घंटा वाजली तर कारखान्यातून घरी फोन करायचा आणि बायकोने उचलल्यावर भाजी काय आणू विचारायचा.

पुढच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता टीमची मॅच होती. लंबू बघायला येणार होता, चार वाजता, कौतुकाने. दुपारी पोरीने ठरवलं की आता सोक्षमोक्ष. कॅबिनेटची बाजू उघडी टाकली, कार्डाला पूर्ण ताकदीने पळवणारी चाचणी लावली, आणि काय तापतंय ते कळावं म्हणून वाकून उजवा हात आत घातला.

तराजू मोरीतून तोंड पुसत बाहेर आला तर हे दृश्य. पोरगी वाकलेली. कोपरापर्यंत हात आत. बोटं एकेका वायरीवर फिरत सप्लायकडे चाललेली. आणि तो किर्र आवाज, आता बारीक नाही.

एक क्षण खोलीत पोरगी नव्हतीच, पॅनेलसमोर लंबू उभा होता. मग तराजू धावला. स्टूल आडवं झालं, स्विच बंद झाला, प्लग भिंतीतून उपसला गेला, आणि पोरीचं मनगट धरून त्याने तिला इतक्या जोरात मागे ओढलं की ती जमिनीवर बसली. बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

"अहो, काय झालं? पोरीला मारता काय?"

पोरगी मनगट चोळत त्याच्याकडे बघत होती. ती रागावलेली नव्हती. घाबरली होती, आणि मशीनला नाही.

"तुझं काही चुकलं नाही," तो म्हणाला. "कार्ड चांगलंय. तू बसवलंस तेही चांगलं. डबा खोटा आहे. मला चार दिवसांपासून माहीत आहे."

त्याने सप्लाय सोडवून टेबलावर आणला. अर्धा तास हात लावू दिला नाही. आत वीज साठून राहते, प्लग काढला तरी चावते. नंतर चार स्क्रू काढून झाकण उचललं, बल्बच्या होल्डरला दोन वायरी लावल्या आणि साठलेली वीज निघून जावी म्हणून त्यांची टोकं आतल्या मोठ्या कपॅसिटरच्या पायांना टेकवली. बल्ब अंधूक लुकलुकून विझला. बायको दोन पावलं मागे सरली.

आत बोटभर रुंदीची पट्टी, तिच्यावर खेळण्यात शोभतील असे पार्ट, एका बाजूला तपकिरी डाग. आणि तळाला, डिंकाने चिकटवलेला, लोखंडाचा एक ठोकळा. त्याला एकही वायर जात नव्हती. काहीच काम नव्हतं त्याला. तो फक्त जड होता. कुठल्या तरी कारखान्यात कुणीतरी बसून विचार केला होता की माल हातावर तोलणारी माणसं जगात अजून आहेत, आणि त्यांच्यासाठी हा ठोकळा कापला होता.

पोरीने ठोकळ्याला बोट लावलं. मग तिने तेच विचारलं, ज्याची त्याला बारा वर्षं भीती होती. आवाजही चढवला नाही.

"असं आधी झालंय का कधी?"

त्याने सांगितलं. ब्रेकर, वजन, आठ दिवसांचा वास, युनियनचा माणूस, ते तीन शब्द. सांगताना तो ठोकळ्याशी बोलत होता. बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिलाही हे नवीन होतं. पोरीने पुरतं ऐकून घेतलं. धीर दिला नाही, शिव्याही दिल्या नाहीत. टीमला फोन करून आज मी नाही एवढं सांगितलं. मग म्हणाली, "काका येतील आता. मी बोलणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही सांगणार नाही."

चार वाजता लंबू आला, हातात बिस्किटांचा पुडा. उघडं कॅबिनेट पाहिलं, टेबलावरचा डबा पाहिला, आणि जुन्या वायरमनला जे कळायला हवं ते त्याला कळलं. ठोकळ्याकडे बघून तो हसला, तुला पण गंडवलं म्हणजे भारीच चोर निघाले. कुणी हसलं नाही म्हणून त्याचं हसू मध्येच थांबलं.

"लंब्या, बस," तराजू म्हणाला. "तो ब्रेकर मी पास केला होता. हातावर तोलून. मला आठवत होतं."

लंबू बसला नाही. पुडा टेबलावर ठेवला. बराच वेळ तो स्वतःच्या उजव्या हाताकडे नाही, तराजूच्या उजव्या हाताकडे बघत होता.

"तेव्हा का नाही बोललास?"

"भीती वाटली. नोकरी जाईल म्हणून."

"आणि नंतर?"

"नंतर तुझी."

लंबूने मान हलवली; पटलं म्हणून नाही, ऐकलं म्हणून. मग पोरीला म्हणाला, वही आण, पेन आण. आणि तराजूला म्हणाला, लिहून दे. काय झालं, कुणी माल आणला, तू काय केलंस, सगळं. खाली सही. माझी केस लागेल की नाही मला माहीत नाही, वकील काय बोलेल तेही नाही. पण कागद हवा.

कारखाना तोच होता. मॅनेजर गेला तरी मालक तोच होता. कागद त्या टेबलावर गेला की दुसऱ्या दिवशी गेटवर याला अडवणार. फंड, ग्रॅच्युइटी, पंचवीस वर्षं, सगळं त्या एका पानावर.

"लंब्या, माझी तीन वर्षं राहिलीत रे."

"माझी बारा गेली."

बायकोने तोंडाला पदर लावला. पोरीने वहीचं कोरं पान फाडून बापापुढे ठेवलं, ठोकळा उचलून पानाच्या कोपऱ्यावर ठेवला, कारण पंखा चालू होता, आणि समोरची खुर्ची ओढून बसली. त्याने पेन धरलं. पहिलं अक्षर वाकडं आलं, ते खोडून पुन्हा काढलं. मग थांबून, मान वर न करता, त्याने विचारलं की तारीख काय होती.

लंबूने तारीख सांगितली, वार सांगितला, आणि न विचारता किती वाजले होते तेही सांगितलं. तराजूने ते लिहून घेतलं. पुढच्या ओळीत त्याला स्वतःचं नाव लिहायचं होतं, मस्टरवरचं, पूर्ण. त्याने पेन खाली ठेवलं, तळहात पँटला पुसला, आणि पुन्हा उचललं.